‘चालत नाही’च्या पुढे काय?

शाळेच्या संगणक कक्षात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही लगेच सांगू : ‘सर, हे चालत नाहीये.’ काय चालत नाही, काय करायला गेल्यावर चालेनासे झाले, पडद्यावर कोणता संदेश आला, काल चालत होते का, या प्रश्नांना मात्र उत्तर मिळत नाही. कारण तोवर विद्यार्थ्याने चार-सहा कळा दाबून पाहिलेल्या असतात आणि शेवटी संगणकच बंद करून पुन्हा चालू केलेला असतो. होता तो पुरावाही गेलेला असतो.

आमची शाळा पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. बऱ्याच विद्यार्थ्यांचे आईवडील भोसरीच्या नाहीतर चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. तेथे सुपरवायझरला ‘मशीन चालत नाही’ एवढेच सांगून भागत नाही. कोणते मशीन, कोणता जॉब, टूल बदलण्याआधी की नंतर, माप किती जास्त येते, सगळेच नग बाद होतात की दहांतला एखादा, हे सांगावे लागते. म्हणजे दोष नेमका सांगण्याची विद्या आमच्या घराघरांत आहे, पण ती संगणक कक्षाच्या दाराशी येऊन थांबते. ती आत कशी आणावी या विचारात असताना आम्ही सायमन टॅथम यांचा या विषयावरील एक निबंध नववीच्या विद्यार्थ्यांबरोबर वाचला आणि वर्षभर वापरून पाहिला. त्या निबंधाचे गुण आणि मराठी शाळेत तो वापरताना जाणवलेल्या त्याच्या उणिवा येथे मांडत आहोत.

निबंधाचा गाभा

टॅथम हे ब्रिटिश प्रोग्रामर आहेत. दूरच्या संगणकाशी जोडणी करण्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘पुट्टी’ हा मुक्त प्रोग्राम त्यांनी लिहिला. प्रोग्राममधील दोष परिणामकारकपणे कसे कळवावेत, यावरचा त्यांचा छोटा इंग्रजी निबंध १९९९ सालचा आहे. संगणकाच्या जगात बहुतेक लिखाण दोन-चार वर्षांत शिळे होते. हा निबंध मात्र अजून वाचनीय आहे, कारण तो यंत्राबद्दल कमी आणि निरीक्षणाबद्दल जास्त बोलतो.

त्यांचे मुख्य म्हणणे असे. दोष दुरुस्त करणाऱ्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. शेजारी बसवून दाखवता आला तर उत्तमच. ते शक्य नसेल तर आपण काय काय केले ते इतके तंतोतंत लिहावे, की त्याने तसेच केल्यावर त्याच्याही संगणकावर तोच दोष घडावा. मग काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे वेगवेगळे सांगावे. चूक दाखवणारा संदेश आपल्याला समजो वा न समजो, त्यातील आकड्यांसकट जसाच्या तसा उतरवावा. आपला तर्क जरूर द्यावा, पण लक्षणांच्या जागी नव्हे. डॉक्टरांकडे जाऊन दुखते कुठे हे न सांगता थेट औषधाचे नाव सांगणाऱ्या रोग्यासारखे वागू नये. आणि काही बिघडले की आधी हात थांबवावेत, पडद्याकडे नीट पाहावे. घाबरून पाच कळा दाबल्या, तर मूळ दोषावर आपल्याच करणीचे पाच थर चढतात.

सर्वनामे जपून वापरा, हाही त्यांचा एक सल्ला आहे. तो मराठीला इंग्रजीहून अधिक लागू पडतो असे आम्हाला वाटते. ‘उघडलं, मग बंद झालं, परत केलं तर आलंच नाही’ हे आमच्याकडे निर्दोष वाक्य आहे. पण काय उघडले आणि काय आले नाही, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक!

विज्ञानाच्या शिक्षकांना यात ओळखीचे काही दिसले असेल. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान ही प्रयोगवहीचीच मांडणी आहे. फरक एवढाच, की प्रयोगवहीतले निरीक्षण काय यायला हवे हे पुस्तकात छापलेले असते आणि पुष्कळ मुले प्रयोग करण्यापूर्वीच ते उतरवून ठेवतात. संगणकातील दोषाचे निरीक्षण कोठेही छापलेले नसते. शिक्षकालाही उत्तर माहीत नसते. या निबंधाचे वर्गातील मोल आम्हाला येथे सापडले.

परीक्षा एका आडनावाची

निबंध वाचून झाल्यावर महिनाभरातच त्याची परीक्षा पाहण्याचा प्रसंग आला. बक्षीस समारंभाची प्रमाणपत्रे छापायची होती. कक्षातील संगणकांवर लिनक्स आहे. नावांच्या यादीवरून प्रमाणपत्रे तयार करणारा एक छोटा मुक्त प्रोग्राम आम्ही वापरला. छापून आल्यावर पाहतो तो ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव ‘कुर्हाडे’ झालेले. आमच्या पट्ट्यात कुऱ्हाडे, बोऱ्हाडे ही आडनावे काही दुर्मीळ नाहीत. ‘संगणकात ते अक्षरच नसते, पेनाने दुरुस्त करून द्या,’ असा सल्ला एकाने दिला. ज्या मुलाचे आडनाव होते तो म्हणाला, ‘सर, यादीत तर बरोबर दिसतंय.’

हे पहिले खरे निरीक्षण. अक्षर संगणकात होते. वाटेत कुठेतरी हरवले होते.

मुलांनी लगेच तर्क सुरू केले : टंक खराब आहे, मुद्रणयंत्र जुने आहे, कोणीतरी सेटिंग बदलले आहे. आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. तर्क कोणता, तो खरा असेल तर काय दिसायला हवे, आणि प्रत्यक्षात काय दिसले. अट एकच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मुद्रणयंत्राचा दोष असता तर छापण्यापूर्वी पडद्यावर नाव बरोबर दिसले असते. पडद्यावरही ते चुकीचेच होते. टंकाचा दोष असता तर तोच टंक घेऊन साध्या संपादकात लिहिलेला शब्दही बिघडला असता. तो बिघडला नाही. सेटिंगचा दोष असता तर त्याच संगणकावर नवे वापरकर्ता खाते उघडल्यावर तो गेला असता. तो गेला नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्सची कोरी प्रत चालवून तेच करून पाहिले. तेथेही दोष आला. एक एक तर्क असा निकाली निघाला.

मग एका मुलीच्या लक्षात आले, की त्याच यादीतील ‘बोऱ्हाडे’ बरोबर छापले गेले आहे. टंक तोच, प्रोग्राम तोच, जोडाक्षरही तेच. मग फरक कशात? चौकशी केल्यावर कळले, की यादीचा अर्धा भाग एका संगणकावर आणि अर्धा दुसऱ्यावर टंकलेला होता आणि दोन्हीकडे कळफलकाच्या मांडण्या निराळ्या होत्या. मुलांनी दोन्हीकडे ‘कुऱ्हाडे’ हा एकच शब्द लिहून दोन फायली केल्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण लिनक्समधील ‘डब्ल्यूसी’ या मोजणी करणाऱ्या आज्ञेने ओळ संपवणारे चिन्ह सोडून एका फायलीत २७ बाइट दाखवले आणि दुसरीत २४.

हा तीन बाइटांचा फरक म्हणजेच सगळी गोष्ट. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. साध्या ‘र’चा क्रमांक सोळा-आधारी अंकलेखनात ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१. ‘र’, हलन्त आणि ‘ह’ असे लिहिले की रफार येतो : ‘र्ह’. आपल्याला हवा असलेला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन मार्गांनी मिळतो. एक मार्ग ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडण्याचा. ही सोय १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकातही होती. दुसरा मार्ग साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. त्याला स्वतःचा आकार नाही, पण शेजारच्या अक्षराचा आकार ते बदलते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि हे अदृश्य चिन्हही तीनच घेते. म्हणून एका मार्गाने आठ चिन्हे, २४ बाइट. दुसऱ्याने नऊ चिन्हे, २७ बाइट.

प्रमाणपत्राच्या प्रोग्राममधून बाहेर पडलेला शब्द मोजला, तर २७ चे २४ झालेले होते. यादी ‘स्वच्छ’ करताना तो प्रोग्राम अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकत होता. इंग्रजी नावांच्या यादीत बहुधा तो कचराच असतो. मराठीत मात्र त्याने ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते आणि स्वयंपाक करणाऱ्यांचा निरोप गुरुजनांना जातो.

तक्रार लिहिताना

कारण सापडले तरी काम अर्धेच झाले होते. विद्यार्थ्यांनी लिहिलेला तक्रारीचा पहिला मसुदा साधारण असा होता : ‘तुमच्या प्रोग्राममध्ये मराठी नीट येत नाही. टंक खराब आहे. आमची प्रमाणपत्रे वाया गेली. लवकर दुरुस्त करा.’ आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि वर्गाला टॅथम यांच्या कसोट्या लावायला सांगितले. ‘नीट’ म्हणजे काय, ते कळत नाही. टंक खराब असल्याचा तर्क आपणच खोटा ठरवला होता, तरी तो लिहिला गेला. कृती नाही, आवृत्ती नाही. राग आहे, तो खरा असला तरी त्याने दोष सापडत नाही.

शेवटचा मसुदा दहा-बारा ओळींचा झाला. प्रोग्रामची आणि लिनक्सची आवृत्ती. कृती : सोबतच्या फायलीत ‘दऱ्या’ हा एकच शब्द दोन प्रकारे लिहिला आहे, ती उघडा आणि प्रमाणपत्र तयार करा. अपेक्षित : दोन्ही ओळींत ‘दऱ्या’. प्रत्यक्षात : एका ओळीत ‘दर्या’, १८ बाइटांचा शब्द १५ बाइटांचा झाला. तर्क, वेगळ्या परिच्छेदात : अदृश्य जोडचिन्ह वगळले जात असावे.

येथे शिक्षक मित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मुलांनी आधी शाळेची मूळ यादीच जोडायला घेतली होती. तिच्यात चाळीस जणांची नावे आणि जन्मतारखा होत्या. मुक्त प्रोग्रामच्या तक्रारी बहुधा साऱ्या जगाला वाचता येतात. डेबियन या लिनक्स प्रकल्पाची दोषनोंद व्यवस्था १९९४ पासून अशीच खुली आहे. म्हणून दोष दाखवण्यास पुरेल एवढाच नमुना द्यावा, आणि तो बनवलेला असावा. याचा आणखी एक फायदा होतो. नमुना लहान करत नेताना दोष कशावर अवलंबून आहे आणि कशावर नाही, हे आपल्यालाच उमगते.

निबंध कोठे तोकडा पडतो

आता उणिवांकडे वळू.

पहिली उणीव अशी, की टॅथम यांच्या डोळ्यांसमोर एक प्रोग्राम आणि त्याचा एक कर्ता आहे. लिनक्सवर एक मराठी अक्षर उमटण्यात मात्र अनेकांचा हात असतो. कळफलकाची मांडणी एकाची, कळांपासून अक्षरे जुळवणारी यंत्रणा दुसऱ्याची, जोडाक्षराचा आकार ठरवणारी ‘हार्फबझ’सारखी प्रणाली तिसऱ्याची, टंक चौथ्याचा, प्रोग्राम पाचव्याचा आणि हे सारे एकत्र बांधून देणारे वितरण सहाव्याचे. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीचे असेच असते. गाडीवर नाव एकाचे, पण सुटे भाग कितीतरी पुरवठादारांचे. खडखड ऐकू आली की भाग कोणता आणि लॉट कोणता, हे आधी शोधावे लागते. आवृत्तीचा क्रमांक म्हणजे आपला लॉट नंबर. ‘दोष काय आहे’ याआधी ‘दोष कोणाच्या दारात न्यायचा’ हा प्रश्न लिनक्स वापरणाऱ्याला सोडवावा लागतो आणि निबंध त्यात फारशी मदत करत नाही.

याची दोन उदाहरणे. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे आकार हिंदीतल्याहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही मराठीचे आकार दाखवलेले आहेत. ‘टंकात हिंदी श आहे’ अशी तक्रार आपण करतो. पण काही टंकांमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच मराठी आकार निवडला जातो. तेव्हा दोष टंकाचा नसून भाषा न नोंदवणाऱ्या प्रोग्रामचा, कधी आपलाही असू शकतो. दुसरे उदाहरण ‘ॲ’चे. हे अक्षर लिहिण्यासाठी पूर्वी ‘अ’पुढे चंद्र जोडत आणि काही संगणकांवर मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. येथे दोष प्रोग्रामच्याही पलीकडे, मानकात होता. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला.

दुसरी उणीव आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. कर्त्याला दोष स्वतः दिसला की काम झाले, हे निबंधाचे मूळ गृहीत आहे. पण जो मराठी वाचत नाही, त्याने आमची फाइल उघडली आणि त्याच्या पडद्यावर ‘दर्या’ उमटले, तर त्याला चुकीचे असे काहीच दिसणार नाही. दोष त्याच्या डोळ्यांसमोर घडूनही त्याला तो अदृश्यच राहील. म्हणून आम्ही दोन्ही शब्दांची चित्रे शेजारीशेजारी जोडली, फरकाच्या जागी बाण काढला आणि एकाचा अर्थ समुद्र व दुसऱ्याचा डोंगरांमधल्या खोल जागा, असे लिहिले. अर्थ दिल्याशिवाय हा दोष दाखवताच येत नाही.

मुक्त प्रोग्रामांबद्दल एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडलेला आणि पुढे फार गाजलेला विचार असा, की पाहणारे पुरेसे असले की कोणताही दोष उथळ ठरतो. २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा सुरक्षेतील गंभीर दोष मुक्त प्रोग्राममध्ये असूनही दोन वर्षे कोणाला दिसला नव्हता. तेव्हा नुसती मोकळीक पुरत नाही, पाहणारे तिकडे पाहत असावे लागतात. आणि चंद्रकोरी र ज्या कोपऱ्यात आहे तिकडे मराठी वाचणाऱ्यांखेरीज कोण पाहणार? ‘लोहित’सारखे मुक्त टंक रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी जोपासले, हे आपले भाग्य. पण त्यांनाही तऱ्हेतऱ्हेच्या प्रोग्रामांत, गावोगावच्या आडनावांत काय घडते ते कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तिसरी उणीव भाषेची. तक्रार बहुधा इंग्रजीत लिहावी लागते आणि आमच्या मुलांचा धीर तेथेच सुटतो. यावर अनुभवाने दोन उपाय सापडले. कृती, अपेक्षित, प्रत्यक्षात हा साचा धरला की लहान लहान वाक्यांत भागते. चुका असलेल्या इंग्रजीतली नेमकी तक्रार सफाईदार पण मोघम तक्रारीहून उपयोगी ठरते. आणि संगणक मराठीत चालत असल्याने संदेश मराठीत येत असेल, तर टर्मिनलमध्ये भाषेचे सेटिंग ‘सी’ असे ठेवून तोच प्रोग्राम चालवला की बहुधा मूळ इंग्रजी संदेश मिळतो. तो जसाच्या तसा देता येतो.

चौथी गोष्ट उणीव म्हणावी की नाही, आमचे आम्हालाच ठरवता आले नाही. चांगली तक्रार केली की दोष दूर होतो, असा समज निबंध वाचून मुलांचा झाला होता. आमच्या तक्रारीला तीन आठवड्यांनी उत्तर आले. कोणीतरी एक आकडा जास्तीचा विचारला, मग आमची नोंद एका जुन्या, तशाच नोंदीला जोडली. हा लेख लिहीपर्यंत दोष दूर झालेला नाही. मुले हिरमुसली. पण त्या जुन्या नोंदीत कोणीतरी फक्त ‘मराठी चुकते’ एवढेच लिहिले होते आणि ती तशीच पडून होती. आता तिच्याखाली कारण, नमुना आणि चित्र आहे. पुढे जो कोणी हात घालील त्याला तिथून सुरुवात करता येईल.

उणिवा धरूनही हा निबंध प्रत्येक संगणक शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर वाचावा असे आम्ही सुचवतो. मात्र वाचून थांबू नये. आम्ही आता प्रत्येक संगणकाशेजारी एक दोषवही ठेवली आहे. तिच्यात पाच रकाने आहेत : काय करत होतो, काय व्हायला हवे होते, काय झाले, पडद्यावरचा संदेश, आणि पुन्हा केल्यावर तसेच होते का. वही भरल्याशिवाय संगणक बंद करून चालू करायचा नाही, एवढा एकच नियम आहे. ‘सर, चालत नाहीये’ अजूनही ऐकू येते, पण त्यापाठोपाठ वही पुढे येते.

प्रमाणपत्राचे काय झाले, हे सांगायचे राहिले. यादीतली सगळी नावे आम्ही ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन पुन्हा टंकली आणि कुऱ्हाडेला नवे प्रमाणपत्र छापून दिले. ती तात्पुरती सोय आहे, दुरुस्ती नव्हे. परंतु शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि पुढची सारी कागदपत्रे यांत आडनाव तीन तऱ्हांनी पडले, तर शोधयादीत ते सापडत नाही आणि मुलाला आपण तोच आहोत हे सिद्ध करत फिरावे लागते. आपल्या शाळेच्या याद्यांतील वऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर ही नावे एकदा छापून पाहा. चुकलेली आढळली तर पेनाने दुरुस्त करण्यापूर्वी ती कुठे चुकली, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगा.